कृष्णेचे आकडे हद्द ओलांडताना: सांगलीच्या २०१९च्या महापुरावरून हवामान-माहितीच्या देवाणघेवाणीचा प्रकरण अभ्यास

ऑगस्ट २०१९च्या पहिल्या पंधरवड्यात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. तिथली इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. पाणी २००५च्या महापुराच्या खुणांच्याही वर चढले. वर कोयना धरणाच्या सहा वक्राकार दरवाजांतून लाखाहून जास्त क्युसेक (सेकंदाला घनफूट) विसर्ग चालू होता. वारणेला हरिपूरजवळ आणि पंचगंगेला नृसिंहवाडीला पुढे सरकायला वाट नव्हती. नदीच्या वाटेने दोनशेहून जास्त किलोमीटर खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून किती पाणी सोडायचे, यावर महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यात बोलणी चालू होती. अलमट्टीचा विसर्ग पुढे ५ लाख क्युसेकांच्या वर नेला गेला.

या प्रकरणात देशांच्या सीमा नाहीत, तरी देशादेशांतल्या हवामान-माहितीच्या देवाणघेवाणीचा विचार करायला ते फार उपयोगी आहे. इथे हवामान खाते एक आहे, केंद्रीय जल आयोग एक आहे, घड्याळ एक आहे. सिंधू आणि गंगा-ब्रह्मपुत्रा खोऱ्यांची जलविषयक माहिती केंद्राच्या धोरणात वर्गीकृत धरली जाते. कृष्णेच्या माहितीवर तसा निर्बंध नाही. म्हणजे गुप्ततेची अडचणही नाही. एवढे सगळे जुळलेले असताना आकडे एकमेकांना जोडताना कुठे अडते हे पाहिले, तर दक्षिण आशियातल्या नऊ देशांनी मिळून पावसाचा हंगामी अंदाज काढताना काय काय लागेल ते उघड दिसते. आमचे म्हणणे असे की, माहिती खुली करण्याचा करार हे कामाचे पहिले पाऊल झाले; खरे काम त्या आकड्याची वेळ, त्याचे शून्य (मोजणी जिथून सुरू होते ती जागा), त्याचे एकक आणि त्याचा इतिहास सोबत पाठवण्याचे आहे. ते पावसाळ्याआधी झाले तरच उपयोग.

आकडे कुठून निघतात

महाबळेश्वरहून निघालेली कृष्णा धोम, वाईवरून कराडला येते. तिथे प्रीतिसंगमावर कोयना मिळते. पुढे हरिपूरला वारणा, नृसिंहवाडीला पंचगंगा. शिरोळ तालुक्यातला राजापूर बंधारा ओलांडला की नदी कर्नाटकात शिरते, आणि हिप्परगी बंधाऱ्यावरून अलमट्टीच्या जलाशयात जाते. कोयनेची साठवण १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट), वारणेच्या चांदोली धरणाची ३४.४० टीएमसी, अलमट्टीची सध्याची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर.

या पट्ट्यात किमान पाच यंत्रणा मोजतात. हवामान खात्याच्या वेधशाळा आणि पर्जन्यमापक केंद्रे. जलसंपदा विभागाची धरणे आणि त्यांच्या पाणलोटातली स्वयंचलित स्थानके. केंद्रीय जल आयोगाची वारुंजी, कराड, अर्जुनवाड, समडोळी, तेरवाड, कुरुंदवाड अशी नदीमापन केंद्रे. कृषी विभागाच्या महावेध प्रकल्पातली महसूल मंडळनिहाय केंद्रे. आणि हद्दीपलीकडे कर्नाटकची स्वतःची यंत्रणा. प्रत्येकीचा हेतू वेगळा. कुणाला पीकविम्यासाठी मंडळाचा पाऊस हवा, कुणाला वीजनिर्मितीसाठी धरणातली आवक, कुणाला पुरासाठी तासातासाची पातळी. हेतू वेगळा म्हणून मोजण्याची रीतही वेगळी, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पावसाचा आकडा

हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. ५ ऑगस्टला साडेआठला मोजलेला पाऊस हा ४ तारखेच्या साडेआठपासूनचा असतो, पण त्यावर तारीख ५ लागते. धरणांवरची नोंद बहुधा सकाळी आठची असते. उपग्रहावरून काढलेला दैनिक पाऊस जागतिक वेळेच्या शून्य ते चोवीस तासांचा, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाच ते साडेपाच. एखाद्या तक्त्यात तीच नोंद आदल्या दिवसाच्या तारखेखाली टाकलेली असते. अर्ध्या तासाचा फरक सहज खपतो, पण तारीखच एक दिवस सरकली तर गणित कोसळते.

कोयना धरणाचे पाणलोट क्षेत्र सुमारे ८९२ चौरस किलोमीटर. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस सगळीकडे सारखा पडला तर ३.१५ टीएमसी पाणी होते. ३०० मिलिमीटर पडला तर साडेनऊ टीएमसीच्या जवळपास. जमीन आधीच भिजलेली असेल तर त्यातले बहुतेक धरणात येते. ही आवक दिवसभरात विभागली तर एक लाख क्युसेकांच्या आसपास भरते. धरणात त्या दिवशी १०० टीएमसी साठा असेल, तर उरलेली सव्वापाच टीएमसीची जागा अर्ध्या-पाऊण दिवसात भरून जाते. अशा वेळी पावसाची तारीख एक दिवसाने चुकली की संगणकावरचे प्रतिमान पुराचा माथा चोवीस तास पुढेमागे दाखवते. सांगलवाडीतल्या माणसाला जनावरे हलवायला तेवढाच वेळ असतो.

मोजण्याच्या भांड्याचीही चूक होते, आणि ती नेमकी सर्वांत जास्त पावसाच्या दिवशी होते. साध्या फायबरच्या पर्जन्यमापकाचे नरसाळे १०० किंवा २०० चौरस सेंटिमीटरचे असते. २०० चौरस सेंटिमीटरच्या नरसाळ्याखाली चार लिटरची बाटली ठेवली तर ती २०० मिलिमीटरला भरते. पुढचे पाणी वाहून जाते. नवजा, कोयनानगर, पाथरपुंज, महाबळेश्वर या पट्ट्यात एका दिवसात त्याहून जास्त पाऊस होतो. तिथे दहा लिटरची बाटली हवी, ती ५०० मिलिमीटरपर्यंत पुरते. किंवा मुसळधारेत दिवसातून दोन-तीनदा मोजून बेरीज हवी. दुसरी चूक मोजपात्राची: २०० चौरस सेंटिमीटरसाठी आखलेले मोजपात्र १०० च्या नरसाळ्याला वापरले, तर पाऊस निम्मा नोंदला जातो. अशी केंद्रे वर्षानुवर्षे शेजारच्या केंद्राच्या निम्मा पाऊस दाखवतात, आणि आकडेवारी पाहणारा ते सह्याद्रीच्या आडोशाचा परिणाम समजून सोडून देतो.

टिपिंग बकेट पद्धतीच्या, म्हणजे छोटी बादली भरून उलटली की पाऊस मोजणाऱ्या, स्वयंचलित मापकात जोराच्या सरीत बादली उलटत असताना काही पाणी निसटते, म्हणून तीव्र पावसात तो कमी मोजतो. जाळीत पाने अडकली तर पाऊस थांबल्यावरही थेंब पडत राहतात आणि संगणकाला वाटते की रिमझिम चालू आहे. बॅटरी संपली तर नोंदच नाही. आणि ही रिकामी जागा काही तक्त्यांत शून्य म्हणून छापली जाते. पाऊस पडला नाही आणि पाऊस मोजला गेला नाही, या दोन गोष्टींना वेगळी खूण असलीच पाहिजे. नोंद नसेल तर ठरलेला एक सांकेतिक अंक, उदाहरणार्थ उणे ९९९, आणि तो सर्वांनी एकच वापरायचा.

वेळेच्या बाबतीत दक्षिण आशियातले देश मात्र बऱ्यापैकी शहाणपणाने वागलेले आहेत. नेपाळमध्ये पाऊस सकाळी पावणेनऊला मोजतात, बांगलादेशात नऊला, पाकिस्तानात आठला, श्रीलंकेत आपल्यासारखा साडेआठला. घड्याळे वेगळी, क्षण एकच: जागतिक वेळेनुसार पहाटेचे तीन. म्हणून हद्द ओलांडणाऱ्या प्रत्येक नोंदीवर स्थानिक वेळ न लिहिता जागतिक वेळ लिहावी, आणि तो आकडा कोणत्या क्षणापासून कोणत्या क्षणापर्यंतचा आहे ते दोन्ही टोकांनी लिहावे. हाच नियम कृष्णेच्या खोऱ्यातही लागू केला तर आठ की साडेआठ हा प्रश्न उरत नाही.

पातळीचे शून्य

सांगलीकर फुटांत बोलतात. ‘आयर्विनला किती झालं?’ या प्रश्नाचे उत्तर फुटांतच हवे, कारण किती फुटांना आपल्या गल्लीत पाणी येते हे लोकांना अनुभवाने ठाऊक आहे. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर अशा सखल वस्त्यांत तर इशारा पातळीच्या आधीच पाणी शिरते. हे फूट पुलाजवळच्या पट्टीच्या शून्यापासून मोजलेले असतात. अलमट्टीची पातळी मात्र समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये.

आता दोन राज्यांतल्या वादाचा मूळ प्रश्न घ्या. अलमट्टीचा फुगवटा, म्हणजे धरणामुळे मागे तुंबणारे पाणी, सांगलीपर्यंत येतो का? याचे उत्तर काढायला एकाच क्षणी आयर्विन, अंकली, राजापूर, कुरुंदवाड, हिप्परगी आणि अलमट्टी इथली पाण्याची उंची एकाच आधारपातळीवर मांडावी लागते. ती रेषा खाली उतरत जाताना कुठे सपाट होते ते पाहायचे. एका जागी स्थानिक शून्य, दुसऱ्या जागी समुद्रसपाटी, तिसऱ्या जागी जीपीएसवरून घेतलेली उंची असेल तर ही रेषा काढताच येत नाही. जीपीएसची उंची आदर्श गोलाभापासून, म्हणजे पृथ्वीच्या गणिताने मानलेल्या आकारापासून असते आणि दक्षिण महाराष्ट्रात ती समुद्रसपाटीच्या उंचीपेक्षा साठ मीटरांहून जास्त वेगळी भरते. एवढी मोठी चूक लगेच लक्षात येते. घातक ठरतात त्या वीस-तीस सेंटिमीटरच्या चुका: पट्टी पुरात वाहून गेल्यावर नवी बसवताना शून्य जरा वर-खाली झालेले, आणि त्याची नोंद कुठेच नाही. सांगलीच्या खाली नदीचा उतार इतका मंद आहे की वीस सेंटिमीटरमध्ये निष्कर्ष बदलू शकतो.

उपाय महाग नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जवळच्या उंची-खुणेपासून प्रत्येक पट्टीच्या शून्याची पातळी दुहेरी फेरीने काढायची, जाताना आणि येतानाचा फरक पाहायचा, आणि ते शून्य, तारीख व खुणेचा क्रमांक माहितीच्या संचातच ठेवायचे. पट्टी बदलली की नवी ओळ. जुनी पुसायची नाही. लोकांसाठीचे फूट कायम ठेवायचे. दोन्ही आकडे शेजारी शेजारी चालतात: ४५ फूट म्हणजे पट्टीच्या शून्यापासून १३.७२ मीटर, आणि त्यात शून्याची उंची मिळवली की समुद्रसपाटीपासूनची पातळी.

विसर्ग आणि आवक

१ लाख क्युसेक चोवीस तास चालला तर ८.६४ टीएमसी पाणी जाते. हे एक गुणोत्तर लक्षात ठेवले की बातम्यांतले बरेच आकडे स्वतः पडताळता येतात. पण विसर्गाच्या आकड्यात काय धरले आहे ते सांगावे लागते. कोयनेच्या बाबतीत दरवाजांतून सुटणारे पाणी वेगळे आणि पायथा वीजगृहातून येणारे २,१०० क्युसेक वेगळे. एका पत्रकात बेरीज, दुसऱ्यात फक्त दरवाजे असे झाले की खालच्या राज्याला विसर्ग बदलला असे वाटते. त्या पातळीवर २,१०० चा फरक किरकोळ आहे, पण अशा विसंगती दोन-तीनदा दिसल्या की समोरच्याचा विश्वास जातो. मग खरा बदल कळवला तरी तो ‘पडताळून पाहू’ म्हणून बाजूला ठेवला जातो.

नदीवरचा विसर्ग बहुतेक वेळा मोजलेला नसतो. पातळीवरून, ठरलेल्या पातळी-विसर्ग वक्राने काढलेला असतो. संगमाच्या परिसरात हा वक्र पुरात फसतो. पंचगंगेचे पाणी समोर आडवे आले की कृष्णेची पातळी चढते पण प्रवाह मंदावतो. वक्राला हे कळत नाही. तो पातळी पाहून जास्त विसर्ग सांगतो. म्हणून हद्दीपलीकडे आधी मोजलेली पातळी पाठवावी. विसर्ग पाठवायचा तर सोबत वक्राची आवृत्ती आणि तो फुगवट्याच्या स्थितीत काढला आहे का, याची खूण हवी. शक्य तिथे पुरातच बोटीवरून किंवा पुलावरून ध्वनिलहरींच्या यंत्राने प्रत्यक्ष मोजणी करून वक्र दुरुस्त करावा.

धरणातली आवक तर आणखी नाजूक. ती साठ्यातला बदल आणि सोडलेले पाणी यांच्या बेरजेवरून काढतात. कोयनेच्या शिवसागर जलाशयाचा पसारा पूर्ण भरल्यावर सुमारे ११५ चौरस किलोमीटर आहे. तिथे पातळी वाचताना एका सेंटिमीटरची चूक झाली तर ती ११.५ लाख घनमीटर, आणि ती एका तासात धरली तर ११ हजार क्युसेकांहून जास्त खोटी आवक किंवा खोटी घट दिसते. वाऱ्याने लाट उठली तरी एवढा फरक पडतो. त्यामुळे तासाची आवक तशीच पुढे पाठवू नये. तीन किंवा सहा तासांची सरासरी पाठवावी आणि कच्ची पातळी सोबत द्यावी, म्हणजे खालच्या राज्यातल्या अभियंत्याला स्वतःचा हिशेब करता येतो.

अलमट्टीच्या चालकाची बाजूही इथे समजून घेतली पाहिजे. त्याच्या खाली नारायणपूरचे धरण आहे आणि नदीकाठची गावे आहेत. वरून किती पाणी येणार हे दोन दिवस आधी खात्रीने कळले तर तो आधीच पाणी सोडून जागा करू शकतो. कळले आणि तेवढे आले नाही, तर त्याचे धरण भरायचे राहते आणि जाब त्याला द्यावा लागतो. म्हणून त्याला एकाच आकड्यापेक्षा अंदाजाचा पल्ला जास्त उपयोगी पडतो: बहुधा इतके, कमीत कमी इतके, जास्तीत जास्त इतके. महाराष्ट्रात कृष्णा-भीमा खोऱ्यासाठी धरणांच्या पाणलोटातली प्रत्यक्षवेळ माहिती आणि पूर अंदाजाची प्रणाली पुण्यातून चालते. तिच्या निष्पत्तीला राजापूरच्या खाली उपयोग व्हायचा असेल, तर कर्नाटकच्या प्रतिमानाला ती सरळ वाचता आली पाहिजे. फॅक्सने आलेला तक्ता कुणीतरी हाताने पुन्हा टाइप करायचा, ही पद्धत पुराच्या रात्री टिकत नाही.

आकडा पुरावा होतो तेव्हा

देवाणघेवाण अडण्याचे सर्वांत मोठे कारण तांत्रिक नाही, आणि त्याबद्दल मोकळेपणाने बोलले जात नाही. कृष्णेच्या पाण्यावर दोन लवाद झाले. दुसऱ्या लवादाने २०१०च्या निवाड्यात अलमट्टीची उंची ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास मुभा दिली, आणि महाराष्ट्राचा त्याला विरोध आहे. २०१९च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीच्या फुगवट्याला पुराचे कारण मानले नाही. सांगली-कोल्हापुरातल्या अनेक अभ्यासकांना आणि कार्यकर्त्यांना ते पटलेले नाही. अशा वातावरणात आज पाठवलेली पातळी उद्या प्रतिज्ञापत्रात येईल ही भीती दोन्हीकडे असते. मग नोंद ‘तपासून’ पाठवली जाते, आणि तपासणीत सहा तास जातात. पुराच्या कामात सहा तास फार मोठे असतात.

यावर उपाय करारातच लिहावा लागतो: तात्पुरती आणि अंतिम अशी माहितीची दोन रूपे. तात्पुरती नोंद यंत्राकडून आपोआप, तासाला, कुणाच्याही सहीशिवाय जाईल. तिच्यावर तशी खूण असेल. आणि ती कोणत्याही दाव्यात वापरायची नाही हे दोन्ही बाजू लेखी मान्य करतील. अंतिम नोंद पूर ओसरल्यावर, तपासून, सहीने. या एका कलमाविना बाकीची सगळी तांत्रिक तयारी अडून राहते, असे आम्हांला ठामपणे वाटते.

ताण वाढला की माहिती थांबते याचे मोठे उदाहरण ब्रह्मपुत्रेचे. चीन २००२च्या करारानुसार पावसाळ्यात नुगेशा, यांगकुन आणि नुशिया या तीन स्थानकांची जलमाहिती भारताला देत होता. २०१७च्या हंगामात ती आली नाही. तेव्हा डोकलामचा तणाव चालू होता; चीनने स्थानकांच्या दुरुस्तीचे कारण दिले. २०१८ला ती पुन्हा सुरू झाली. आसाममधल्या काठावरच्या गावांना त्या एका हंगामात वरच्या पाण्याची वार्ता मिळायची सोयच नव्हती.

सांगलीवरून नऊ देशांकडे

जागतिक हवामान संघटनेने १९९५ला ठराव ४० करून हवामानाची आवश्यक माहिती विनामूल्य, विनाअट देण्याचे ठरवले. १९९९ला ठराव २५ ने जलविषयक माहितीसाठी, २०१५ला ठराव ६० ने हवामान-सेवांसाठी तेच केले. ऑक्टोबर २०२१मध्ये हे सगळे एका धोरणात आणले गेले: गाभ्याची माहिती द्यायचीच, शिफारस केलेली माहिती द्यावी. गाभ्याच्या माहितीसाठी जमिनीवर साधारण २०० किलोमीटरला एक स्थानक, तासाला नोंद. आणि ५०० किलोमीटरला एक, वरच्या हवेच्या मोजणीसाठी दिवसातून दोनदा फुगा सोडणारे केंद्र, अशी किमान अट आहे.

सातारा जिल्हा डोळ्यासमोर ठेवून ही अट वाचा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. तिथून शंभर किलोमीटरही अंतर नसलेल्या दहिवडीत पाचशेच्या आसपास. २०० किलोमीटरच्या जाळ्यात हा संपूर्ण उतार एका चौकोनात मावतो. जगाच्या प्रतिमानांना ते जाळे पुरेल. एका खोऱ्याच्या सेवेला पुरणार नाही. म्हणून प्रादेशिक करारात जागतिक किमान अटीवर थांबू नये. घाटमाथ्यासारख्या जागी दहा-पंधरा किलोमीटरला एक स्थानक तरी ‘द्यायचेच’ यादीत असावे.

तरी दूरच्या देशांची माहिती सांगलीच्या कामाची आहेच. सोमालियाच्या किनाऱ्यालगत विषुववृत्त ओलांडून येणारा खालच्या थरातला जोरदार वारा आपल्या पावसाला बाष्प पुरवतो. हवामानशास्त्रज्ञ फिंडलेटर यांनी १९६०च्या दशकात तो उलगडला तो केनियातल्या फुग्यांच्या निरीक्षणांवरून. २०१९मध्ये हिंदी महासागराचा पश्चिम भाग पूर्व भागापेक्षा खूप उबदार झाला होता. हे कळते ते समुद्रातल्या तरंगत्या आणि नांगरलेल्या मापकांवरून, आणि ते जाळे अनेक देशांनी मिळून उभे केलेले आहे.

या सगळ्याचे दक्षिण आशियासाठी एकत्रीकरण होते ते आपल्या शेजारी, पुण्यात. हवामान खात्याचे शिवाजीनगरचे कार्यालय, ज्याला जुने पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणतात, हे या प्रदेशाचे हवामान केंद्र आहे. एप्रिल २०१०मध्ये पुण्यातच पहिला दक्षिण आशियाई हवामान अंदाज मंच भरला. अफगाणिस्तान, पाकिस्तान, भारत, नेपाळ, भूतान, बांगलादेश, म्यानमार, श्रीलंका आणि मालदीव हे देश त्यात जून ते सप्टेंबरच्या पावसाचा एकमताचा नकाशा काढतात. प्रत्येक भागासाठी सरासरीपेक्षा जास्त, सरासरीच्या जवळ आणि कमी, अशा तीन शक्यता टक्क्यांत.

इथेही आकड्याचे ‘शून्य’ आडवे येते. फक्त इथे त्याला सरासरीचा काळ म्हणतात. २०१९ला भारताची मोसमी पावसाची दीर्घकालीन सरासरी १९५१ ते २००० या काळावरची, ८९ सेंटिमीटर होती. पुढे १९६१ ते २०१० वरून ती ८८ झाली, आता १९७१ ते २०२० वरून ८७ आहे. म्हणजे सरासरीच्या ‘९६ टक्के’ हा एकच आकडा तेव्हा साडेपंच्याऐंशी सेंटिमीटरच्या जवळ होता आणि आता साडेत्र्याऐंशी. शेजारी देशाने वेगळा काळ धरला तर नकाशाचा रंग नेमका सीमारेषेवर बदलतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की पाऊसच तिथे बदलतो.

त्या नकाशाच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. एप्रिल २०१९मध्ये हवामान खात्याचा अंदाज ९६ टक्क्यांचा होता. जून ३३ टक्के तुटीचा गेला, ऑगस्ट ११५ टक्के, सप्टेंबर १५२ टक्के, आणि हंगाम ११० टक्क्यांवर संपला. एप्रिलमधल्या कोणत्याही नकाशावरून सांगलीचा पूर दिसणे शक्य नव्हते. त्यावरून धरण किती भरायचे हे ठरवू नये. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडे म्हैसाळ आणि टेंभूचे पाणी उचलण्याचे नियोजन, चाऱ्याचा साठा, विम्याची तयारी एवढ्यासाठी तो वापरावा. धरणासाठी दोन ते चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज, मग पाच दिवसांचा, मग तासांचा, अशा पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीला वेगळी माहिती लागते आणि ती वेगळी हद्द ओलांडून येते.

हद्दीपलीकडच्या जुन्या नोंदींचा एक उपयोग सहसा ध्यानात येत नाही. मिरज किंवा जतच्या केंद्राची जागा बदलली, भोवती इमारती उठल्या, तर पावसाच्या मालिकेत पायरी पडते. ती हवामानबदलामुळे की जागेमुळे, हे शेजारच्या केंद्रांशी ताडूनच कळते. दोन्हींची वर्षावर्षाची बेरीज एकासमोर एक मांडायची. रेषा जिथे मोडते ते वर्ष शोधायचे आणि त्या वर्षी केंद्रात काय घडले ते पाहायचे. चिकोडी, अथणी, विजापूरकडच्या मालिका हाताशी असतील तर ही तपासणी पक्की होते. पूररेषांसाठी ती फार महत्त्वाची आहे. निळी रेषा २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. आणि या रेषांवर लोकांची घरे, बांधकाम परवाने आणि कर्जे ठरतात. सदोष मालिकेवर काढलेली रेषा कुणाच्या तरी दारातून चुकीची जाते.

मे महिन्यात करायची कामे

पावसाळ्यापूर्वी दोन्ही बाजूंनी स्थानकांची एकच यादी करावी: नाव, सांकेतिक क्रमांक, अक्षांश-रेखांश, पट्टीचे शून्य, मापकाचा प्रकार, नरसाळ्याचे क्षेत्रफळ, शेवटच्या तपासणीची तारीख. गावांच्या नावांवर भरवसा ठेवू नये. एकाच नावाची गावे दोन्ही राज्यांत आहेत आणि मराठी-कन्नड-इंग्रजी लेखनात एक नाव तीन प्रकारे येते. जोडणी क्रमांकानेच व्हावी. प्रत्येक नोंदीत मूल्य, एकक, सुरुवात आणि शेवट जागतिक वेळेत, तात्पुरती की अंतिम, आणि हाताने की यंत्राने एवढे रकाने सक्तीचे.

पर्जन्यमापकात ठरावीक पाणी हळूहळू ओतून टिपिंग बकेट तपासता येते: २०० चौरस सेंटिमीटरच्या नरसाळ्यात एक लिटर म्हणजे ५० मिलिमीटर. पाच टक्क्यांहून जास्त फरक आला तर दुरुस्ती. नदीपट्टीचे शून्य खुणेवरून पुन्हा काढावे. जूनच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस पुराचे सोंग करून तासाला नोंदी पाठवाव्यात आणि समोरच्या प्रतिमानात त्या जशाच्या तशा उतरतात का ते पाहावे. याच दिवशी मुद्दाम इंटरनेट बंद ठेवून पर्यायी मार्ग चालवून बघावा, कारण पुरात मोबाइल मनोरे बंद पडतात. तेव्हा बिनतारी संच आणि दोन्हीकडच्या ठरलेल्या माणसांचे क्रमांक लागतात, पदनामांचे पुरत नाहीत.

पूर ओसरल्यावर महिनाभरात तात्पुरत्या नोंदी अंतिम नोंदींशी ताडाव्यात. कोणत्या स्थानकात किती तासांचा खंड पडला, कोणती पट्टी वाहून गेली, कोणाची बाटली भरून वाहिली हे त्या स्थानकाच्या नोंदीत कायमचे लिहावे. नवी पट्टी लगेच बसवली तरी तिचे शून्य ठरेपर्यंत तिच्या नोंदी तात्पुरत्याच धराव्यात.